बॅटरीचा टंच

"पाव्हणं, आधी हातपाय धुवा, मग काय ते बॅटरीला हात लावा."

असं म्हणून मामींनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि सोप्यातल्या कोनाड्यात नेऊन ठेवली. मामी म्हणजे माझ्या सासूबाई, इंदुमती निकम. पिशवीत मीटर, वायरी, पाने आणि मोटारीच्या हेडलाइटचे बल्ब होते. धोंड्याच्या महिन्यात जावई सासुरवाडीला असलं सामान घेऊन येत नाही. तो रिकाम्या हातानं येतो आणि पोट जड करून जातो, अशी पद्धत आहे. पण निकममामांनी मला दोन्ही कामांना एकाच दिवशी बोलावलं होतं. जेवायला, आणि त्यांच्या गाडीच्या बॅटरीत किती जीव उरलाय ते सांगायला.

इस्लामपुरात माझं बॅटरीचं दुकान आहे, तेव्हाही होतं. सासुरवाडी विट्याची. त्या भागातली निम्मी पुरुष मंडळी सोनंचांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली असतात, हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगतो. दक्षिणेतल्या कुठल्याही गावात सराफकट्ट्यामागच्या बोळात शिरा, भट्टीपुढे एक विट्याकडचा माणूस बसलेला सापडेल. निकममामा असेच तीस वर्षं बसले. आधी सेलम, मग त्रिचूर, मग मदुराई. वर्षातून दोनदा घरी यायचे, दिवाळीला आणि गावच्या यात्रेला. बाकीचं वर्ष मामींनी विट्यात एकटीनं काढलं. शेत बघितलं, शैलाला वाढवलं, माझ्याशी तिचं लग्न लावलं. लग्नाच्या बोलणीलाही मामा पत्रानेच हजर होते.

हा माणूस कायमचा घरी आला आणि त्यानं पहिलं काम काय केलं, तर गाडी घेतली. पुण्याच्या कुणा हौशी माणसानं सतरा सीटांच्या टूरिस्ट गाडीतल्या सीटा उपटून आत पलंग, ओटा, कपाट, पंखा असं सगळं बसवून घेतलं होतं. टपावर सोलर पॅनेल. हौस दोन सहलींत फिटली आणि गाडी त्याच्या सोसायटीत धूळ खात पडली. मामांनी ती उचलून आणली. दक्षिणेत जिथे जिथे राहिलो ती गावं हिला दाखवायची, असं त्यांच्या मनात होतं.

मामींनी गाडीभोवती एक फेरी मारली, शेजारच्या बायका बघत उभ्या होत्या, त्यांच्यादेखत म्हणाल्या, "घर असताना घर कशाला इकत आणलंय? आता ह्यात एक खिळाबी नवा घालायचा न्हाई. हाय तशी चालली तर चालली, न्हाईतर इकून टाकायची." मामींचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मामांनी मान डोलावली आणि खरोखरच एक खिळाही घातला नाही.

पुढे घोळ झाला तो घोरण्यामुळे. मामांचं घोरणं शेजारच्या आळीत ओळखू यायचं. त्याचं कुणाला काही नव्हतं. पण ते मधेच थांबायचं. थांबलं की बाकीच्या घराला बरं वाटायचं आणि मामी उठून बसायच्या. कारण घोरण्याबरोबर श्वासही थांबलेला असायचा. हलवलं की मामा मोठा आचका देऊन परत सुरू व्हायचे. शेवटी सांगलीच्या डॉक्टरांनी झोपेत नाकातोंडावर लावायचं एक मशीन दिलं. ते रात्रभर हवा ढकलत राहतं. लाइट गेली की बंद पडतं.

म्हणजे गाडी घेऊन निघायचं, तर रात्री रस्त्याकडेला गाडीतल्या बॅटरीवर ते मशीन पहाटेपर्यंत चालायला हवं. अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिनाची, पुढे. दुसरी पलंगाखाली, पंखा, दिवे, मशीन वगैरे घरच्या गोष्टींसाठी. मामा तिला संसाराची बॅटरी म्हणायचे. ती कधीची होती, किती दिवस कोरडी पडून होती, कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि पडून राहिलेली बॅटरी बाहेरून दिसते नव्यासारखी आणि आतून बसलेली असते.

"मशीन रातभर चालंल असं पाव्हण्यांनी सांगितलं तर मी गाडीत पाय ठेवीन," मामी म्हणाल्या होत्या. "न्हाई म्हणाले तर गाडी कराडच्या पार्टीला."

कराडची पार्टी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती.

हातपाय धुऊन, चहा घेऊन, मी आणि मामा घरामागच्या परड्यात गेलो. गाडी उन्हात उभी होती, कारण कडुनिंबाच्या फांद्या तिच्या टपाला लागत होत्या. टपावर निळी ताडपत्री टाकून तिच्यावर चार विटा ठेवलेल्या होत्या. हे मीच आधीच्या आठवड्यात फोनवरून सांगितलं होतं. पॅनेलवर ऊन पडलं की बॅटरी भरत राहते, मग तपासणीला अर्थ राहत नाही. पॅनेलची वायर सोडवणं सरळ होतं, पण त्या हौशी माणसानं ती प्लायवूडच्या कपाटामागून नेली होती. कपाट उपटायचं, तर परत बसवायला खिळे लागले असते. खिळ्यांची परवानगी नव्हती.

"कसं काढणार टंच?" मामांनी विचारलं.

टंच म्हणजे सोन्याची शुद्धता. मामा सगळ्याच गोष्टींचा टंच काढायचे. कलिंगडाचा, पुढाऱ्याचा, जावयाचा. सख्ख्या बहिणीच्या बांगड्याही त्यांनी कस लावल्याशिवाय गाळायला घेतल्या नव्हत्या, त्यावरून ती दोन दिवाळ्या बोलत नव्हती.

"बॅटरी काल रात्री पूर्ण भरलीय ना? आता तिला हे बल्ब लावायचे. भरलेली घागर आणि ठरावीक भोक. किती वेळ गळते ते बघायचं. मीटरवरचा आकडा हळूहळू उतरत जाईल. अकराच्या खाली गेला की संपली म्हणायचं."

"किती येळ लागंल?"

"चांगली असली तर दिवस मावळेपर्यंत. नसली तर लवकर मोकळे होऊ."

"आमच्यात एवढा येळ लागत न्हाई."

"सोनं जागेवर बसून असतं मामा. करंट बसत नाही."

मामांना ते पटलं. मी बल्ब जोडले, मीटर पलंगावर ठेवला. भर दिवसा दोन हेडलाइट पलंगाखाली जळत राहिले. मामा दारात उभे राहून आकड्याकडे बघत होते. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं मोडत होते. गाडी राहिली पाहिजे असं त्यांना किती वाटतंय, हे मला त्या बोटांवरून कळलं.

जेवणापूर्वी मी तीनदा जाऊन आलो. आकडा उतरत होता, आणि माझ्या मनासारखा उतरत नव्हता. चांगली बॅटरी घाट उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखी जपून उतरते. ही भराभर उतरत होती. निम्मी मेली आहे, असा मी अंदाज केला. मामांना काही बोललो नाही. जेवायच्या आधी कुणी असलं बोलत नाही.

आत स्वयंपाकघरात शैला एकटीच धोंडे तळत होती. तिला घाम फुटला होता आणि रागही आला होता.

"आईला आज कुरडया घालायच्यात," ती मला म्हणाली. "जावई जेवायला आणि ही गच्चीवर."

तेवढ्यात मामी सोऱ्या घ्यायला खाली आल्या.

"आई, आजच कशाला गं? धोंड्याचं जेवण आणि कुरडया एका दिवशी कुणी घालतं का?"

"गहू भिजल्यात," मामी म्हणाल्या. "त्यास्नी काय सांगू, थांबा म्हणून?"

आणि सोऱ्या घेऊन वर गेल्या. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजवावे लागतात, रोज पाणी बदलावं लागतं. म्हणजे हा बेत तीन दिवसांपूर्वीच ठरलेला होता. शैलाच्या ते लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. माझं लक्ष धोंड्यांवर होतं.

जेवणाचं सांगत बसत नाही. पाटाभोवती रांगोळी, पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, आणि मामींचा आग्रह. नको म्हटलं की दोन, पुरे म्हटलं की चार. तेहतीस अनारशांचं वाण मिळालं ते वेगळंच. मामा समोर बसून जेवत होते आणि दर दोन घासांनी परड्याकडे बघत होते. जेवण झाल्यावर जावयाला उन्हात जाऊ द्यायचं नाही म्हणून मला पंख्याखाली चटई टाकून दिली. मामाही आपलं मशीन नाकावर चढवून आतल्या खोलीत आडवे झाले.

मला झोप लागली नाही. उठून परड्यात गेलो, गाडीत शिरून मीटर बघितला आणि तसाच बसून राहिलो.

आकडा वर चढला होता.

एवढ्या वर्षांत मी हजारो बॅटऱ्या तपासल्या. भार लावलेल्या बॅटरीचा आकडा उतरतो. भराभर उतरतो, सावकाश उतरतो, क्वचित थोडा वेळ जागेवर थांबतो. चढत नाही. घागर गळत असताना आत पाणी वाढत नाही. मी मीटरचा सेल बदलला, वायरी हलवल्या, बल्ब जळतायत का बघितलं. बल्ब झकास जळत होते आणि आकडा पुन्हा एका घरानं वर सरकला. धोंडे जास्त झाले, असं मला क्षणभर वाटलं.

मग मी जिना चढून गच्चीवर गेलो.

गच्चीवरून खाली गाडीचा टप दिसतो. टपावर काहीही नव्हतं. पॅनेल उघडं होतं, त्यावर ऊन तळपत होतं, डोळ्यांना सहन होत नव्हतं. आणि इकडे गच्चीवर निळी ताडपत्री पसरलेली होती. एका कोपऱ्यात मामी डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यासमोर कुरडया होत्या. दहा-बारा असतील. ताडपत्री एवढी मोठी होती की तिच्यावर सगळ्या आळीच्या कुरडया मावल्या असत्या.

"उन्हाचं कशाला वर आलासा?" मामी म्हणाल्या. "झोप लागंना व्हय?"

"मामी, ही ताडपत्री गाडीवरची."

"व्हय."

"ती मुद्दाम टाकलेली होती."

"ठावं हाय की. ह्यांनी टाकली तवा खालनं इटा मीच दिल्या हुत्या."

 मामींचे गुडघे धड नव्हते. देवासमोरसुद्धा त्या स्टुलावर बसायच्या. ह्या बाई गाडीमागची लोखंडी शिडी चढून टपावर गेल्या, चार विटा एकेक करून खाली आणल्या आणि ताडपत्री ओढून घेऊन जिना चढून इथे आल्या, हे चित्र मी मनात उभं करायचा प्रयत्न करत होतो.

"कुरडयांना लागली," त्या म्हणाल्या.

मी कुरडयांकडे बघितलं. मामींनीही बघितलं. मग त्यांनी तो विषय सोडून दिला.

"आता भरतीया व्हय बॅटरी?"

"बल्ब खातात तेवढं ऊन भरून काढतंय."

"मंजी दिवस मावळंस्तोवर टिकंल."

"टिकेल. पण ते टिकणं उन्हाचं, बॅटरीचं नाही. रात्री ऊन कुठून आणायचं?"

"तेवढं कळतंय मला." त्यांनी एक कुरडई उलटी केली. ती ओलीच होती, परत सरळ केली. "खरी किती आसंल?"

"सकाळच्या उतारावरून निम्मी."

"निम्म्यात मशीन कितीपत्तुर चालंल?"

"मध्यरात्रीच्या थोडं पुढे."

"मग झाली की निम्मी रात."

"आणि उरलेली?"

"उरल्यालीला मी हाय."

मी ताडपत्रीच्या काठावर बसलो. तापली होती, तरी बसलो.

"मामी, तुम्हाला जायचंय?"

"मी कुठं तसं म्हणलं?"

 दुकानात बसून एक गोष्ट शिकलोय, गिऱ्हाईक खरं बोलायला वेळ घेतं. मामींनी पदर नीट केला.

"हे झोपेत थांबत्यात, हे मला कवा कळलं? कायमचे घरी आल्यावर. आधी यायचे ते चार दिवसांसाठी, घर पाव्हण्यांनी भरल्यालं, हे बाहेर पडवीत झोपायचे. मला काय ठावं? पण थांबत तवाबी आसतीलच की. तीस वर्षं. तिकडं कोण हुतं उठून बसायला?"

त्यांनी एका कुरडईवर बसलेली माशी हाकलली.

"मला त्या खोल्या बघायच्यात," मामी म्हणाल्या. "कुठं झोपत हुते ते. बाकी देऊळ न्हाई, समुद्र न्हाई, मला काय बघायचं न्हाई."

"मग सांगा की मामांना सरळ."

"कुठल्या तोंडानं? खिळाबी घालायचा न्हाई म्हणून चारचौघींत बोलले मी. न्हाई चालली तर इका, हेबी मीच बोलले. ह्यांनी एवढ्या हौसेनं आणली आणि मी पहिल्याच दिवशी पाणी वतलं. आता काय म्हणू, चुकलं, मला न्या?"

त्या बाईचं मला इतकं वाईट वाटलं की, सांगून टाकावं मामांना, बॅटरी नव्यासारखी आहे, असं मनात आलं. मामांनी माझा शब्द डोळे झाकून घेतला असता. पण मग कुठेतरी परमुलखात अर्ध्या रात्री ते मशीन बंद पडलं असतं, मामा बिनघोर झोपलेले असते आणि मामींचा नेमका तेव्हाच डोळा लागला असता. ते चित्रही मला दिसत होतं.

"मला खोटं सांगता येणार नाही मामी."

"सांगा तुमाला सांगायचं ते." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "धोंड्याच्या म्हैन्यात जावयाला खोटं बोलायला लावून मी कुठं जाऊ? नरकातबी घ्यायचे न्हाईत."

ऊन कलल्यावर मामा उठले. चूळ भरून तडक परड्यात आले. मी, शैला आणि मामी कडुनिंबाखाली चहा घेत होतो. मामा गाडीत शिरले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. मग गाडीला एक प्रदक्षिणा घातली. मागच्या चाकापाशी त्यांची पावलं थांबली. तिथे चार विटा एकावर एक, कडेला कड जुळवून ठेवल्या होत्या. मामांनी मान वर करून टपाकडे बघितलं.

"पाव्हणं, सांगा टंच."

"मामा, आजचा टंच धरता येणार नाही."

"का?"

"पॅनेलवर ऊन पडत होतं."

"ताडपत्री कुठं गेली?"

 मामींनी कपबशी खाली ठेवली.

"वाऱ्यानं गेली आसंल," त्या म्हणाल्या.

"वाऱ्यानं." मामांनी विटांकडे बघितलं. "वारं लई टापटिपीचं दिसतंय."

शैलाला हसू फुटलं आणि लगेच विझलं, कारण मामा हसत नव्हते. त्यांचा चेहरा उतरला होता. ते बायकोकडे न बघता विटांशीच बोलायला लागले.

"तुला यायचं न्हाई, हे म्हायती हुतं मला. तोंडानं सांगायचं हुतंस. टंच बिघडवायची काय गरज हुती? एवढ्यासाठी पाव्हण्यांना इस्लामपुरास्नं बोलावलं. जाऊ दे. कराडच्या लोकांना आत्ताच फोन करून सांगतो, सकाळची वाट बघू नका, गाडी तुमची."

त्यांनी खिशातून फोन काढला. मामी जमिनीकडे बघत होत्या. त्या बोलणार नाहीत, हे मला दिसत होतं. असा गैरसमज पोटात घेऊन त्या आणखी तीस वर्षं राहिल्या असत्या.

"मामा," मी म्हणालो, "पॅनेल उघडं पडलं की बॅटरी उतरत नाही. भरते."

मामांचा अंगठा फोनवर थांबला.

"मंजी?"

"मंजी आजचा टंच खऱ्यापेक्षा जास्त दाखवणार होता. कमी नाही."

गाळण्याच्या धंद्यात माणूस एक गोष्ट पक्की ओळखतो, हिणकस माल चोख दाखवायला कोण धडपडतं. ज्याला तो खपायला हवा असतो तो.  मामांनी पहिल्यांदाच वळून मामींकडे बघितलं. आधी चेहऱ्याकडे, मग गुडघ्यांकडे, मग गाडीमागच्या शिडीकडे.

"तू चढलीस?"

मामींनी गुडघ्यांवर पदर ओढून घेतला.

"पडली आसतीस मंजी?"

"न्हाई पडले."

 मामांना काय वाटत होतं ते दिसत होतं, पण ते पडले धंद्यातले. "पण ठरलंय ते ठरलंय," ते म्हणाले. "कसाला उतरली न्हाई तर माल परत. तूच घातलीस अट."

तेव्हा मामी बोलल्या. आवाज चढवला नाही, भाजीला मीठ आहे का विचारावं तशा बोलल्या.

"तुमचा कस कुणी लावला हुता?"

मामांचा फोन धरलेला हात खाली आला.

"तीस वर्षं वर्षातनं दोनदा यायचासा. तिकडं काय खाता, कुठं झोपता, कुणासंगट ऱ्हाता, मी कवा टंच मागितला? आला तसं घरात घेतलं. आणि आज एका डब्याचा टंच कमी पडला म्हणून गाडी परत देताय व्हय?" त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "मला यायचं हाय. निम्मी तर निम्मी."

शैलानं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आईनं कधी काही मागितलेलं मी बघितलं नव्हतं, असं ती मला घरी परतताना म्हणाली.

मामांनी फोन कानाला लावला. कराडच्या पार्टीला त्यांनी एवढंच सांगितलं, की येऊ नका, गाडी घरच्यांना पसंत पडलीय.

आता माझं काम सोपं होतं, असं मला वाटलं. "मी नवी बॅटरी पाठवून देतो," मी म्हणालो. "उद्या दुपारपर्यंत बसवून होईल."

"मुलीच्या घरचं आमी घेत न्हाई," मामी म्हणाल्या.

"मग मी इकत आणतो," मामा म्हणाले.

"खिळाबी न्हाई म्हणलंय मी."

अट मोडून गाडीत बसायला त्या तयार होत्या, पण अटीतला एक शब्द मागे घ्यायला तयार नव्हत्या. ह्यातलं काय कशात बसतं ते मला अजून कळलेलं नाही. आम्ही मुक्काम वाढवला, ताडपत्री परत टपावर गेली, आणि दुसऱ्या दिवशी मी तपासणी पुन्हा केली. बॅटरी निम्मी निघाली. मामांनी मान हलवली, मामींनी मान हलवली, आणि त्याच बॅटरीवर अधिक महिना सरल्यावर दोघं निघाली.

मामा रोज सकाळी फोन करायचे आणि बॅटरीचा अहवाल द्यायचे. हुबळीजवळ मध्यरात्रीपर्यंत चालली. सेलमच्या अलीकडे त्याच्या थोडी पुढे गेली. सेलममध्ये एका गाववाल्यानं दुकानातून वायर ओढून दिली, म्हणून रात्रभर चालली.

"आणि वायर नसते तेव्हा?" मी एकदा विचारलं.

"तवा ही बसती उठून."

"रोज?"

"मी म्हणलं हिला, दिवसा तरी डोळा मीट. तर म्हणती, सवय हाय. पाव्हणं, मला आत्ता कळलं. घरातबी मशीन चालू आसताना ही झोपत नव्हती. मशीनचा आवाज ऐकत बसायची, बंद पडलं तर म्हणून."

 बॅटरीच्या दुकानदाराला त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

मदुराईहून फोन आला तो दुपारी. नेहमीची वेळ नव्हती, म्हणून मी गिऱ्हाईक सोडून उचलला. मामा अगदी हळू बोलत होते.

"पाव्हणं, एक इचारायचं हुतं."

"बॅटरी गेली का?"

"बॅटरीचं न्हाई. आमच्या जुन्या खोलीवर आलोय. भट्टीच्या वरची, मी सगळ्यात जास्त जिथं ऱ्हायलो ती. आता गावाकडचाच एक जण ऱ्हातोय, तो खाली कामाला गेलाय. हिनं खोली बघितली. भिंतीला हात लावून बघितला. तुमी कुठं झोपत हुता, म्हणली. मी जागा दावली. तर तिथंच टेकली जरा, आणि झोपली."

"मग झोपू द्या की."

"सकाळधरनं झोपलीया. जेवली न्हाई, कूस बदलली न्हाई. हिला अशी झोपल्याली मी जन्मात बघितली न्हाई." त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "उठवू का?"

"नका उठवू मामा."

पलीकडे बोळातून स्कूटर गेल्याचा आवाज आला. कुणीतरी तमिळमध्ये काही ओरडलं आणि मामांनी त्याला हलक्या आवाजात तमिळमध्येच गप्प केलं.

"बरं," ते मला म्हणाले. "मग मी बसतो जागा."